पापणीची काडी

तळवडे,
१८ जून २०२४

चि. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तो मामीने माझ्या कानाला लावला. मी नुसता हं हं करत राहिलो. तू काय बोललीस त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. उजवा कान गेलाच आहे आणि डाव्या कानात घरी आल्यावरही कारखान्यातला प्रेस चालू असतो. मोबाइलवर लिहायला जावं तर बोट एकीकडे पडतं आणि अक्षर दुसरंच उमटतं. म्हणून पत्र लिहितो. तू आमच्याकडे शिकायला होतीस तेव्हा तुझी आई गावाहून पत्रंच पाठवायची. तुला वाचायची सवय आहे.

आमच्या सुजितचं तुला मामीने सांगितलंच असेल. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. पार्ट डायच्या साच्यात अडकला होता, तो काढायला त्याने हात घातला आणि प्रेस खाली आला. जखम भरते आहे. डावखुऱ्यासारखा जेवतो.

मी त्याच लाइनवर डाय बसवणारा सेटर आहे आणि मीच त्याला तिथे चिकटवला होता, हे तुला माहीत आहे. या दिवाळीला तो कायम होणार होता. आता चौकशी लागली आहे. मशीनची चूक निघाली तर कंपनी त्याला ठेवून घेईल, स्टोअरमध्ये वगैरे हलकं काम देईल. त्याची चूक निघाली तर घरी. सगळं एवढ्यावर आलं आहे.

चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं, "पत्रा बोटाला घासला असेल, डाय हलल्याचं जाणवलं असेल, मग हात मागे का घेतला नाही?" सुजित म्हणाला, "मला काही लागलंच नाही." आमचा इलेक्ट्रिशियन अनिस सेन्सरबद्दल काही सांगतो आहे. डायच्या तोंडाशी एक न दिसणारा पडदा असतो, हात आत असला की प्रेस थांबायला हवा. त्या दिवशी थांबला नाही. का नाही, ते मी काय सांगणार. तिथे तेल उडतं, धूर असतो. मशीन आहे.

मागच्या दिवाळीत तू मला पाटीवर लिहून तुझ्या प्रयोगशाळेतल्या किड्यांची गोष्ट सांगितली होतीस. पापणीच्या केसाने डोक्याला स्पर्श केला की किडा मागे सरतो, आणि काही किडे जन्मतःच असे असतात की त्यांना तो स्पर्श कळतच नाही. सुजितने तुला चिडवलं होतं, "ताई, किड्यांना गुदगुल्या करायचा पगार मिळतो का गं?" ती पाटी मला आठवते आहे. माझ्या मनात येतं, चूक मशीनचीही नसेल आणि पोराचीही नसेल, असं काही असतं का? आपल्या घराण्यात असं काही असेल का? तू शिकलेली आहेस. विचार करून लिही.

तुझा,
ज्ञानेश मामा


हैदराबाद,
२९ जून २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत बसूनच वाचलं. सुजितला मी चिडवायला सुद्धा आता धजणार नाही.

तुम्ही विचारलंत ते पाटीपेक्षा नीट लिहिते. हे सूत्रकृमी. आपल्याकडे टोमॅटोच्या मुळांना गाठी आणतात, त्यांचे हे गरीब भाऊबंद, कुणाला त्रास न देणारे. ज्वारीच्या कणीपेक्षा बारीक, काचेसारखे आरपार. एका काडीला पापणीचा केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली किड्याच्या डोक्याजवळ हलका फिरवायचा. चांगला किडा लगेच मागे सरतो. शेपटीला लावला तर पुढे पळतो.

आता जनुकात एखादा बदल झाला तर काय होतं? तुमच्या भाषेत सांगते. डायला एक चरा पडला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पार्टवर तो चरा उमटतो. तसा हा चरा पिल्लांत उतरतो. काही चऱ्यांनी चाल बिघडते. एक जात जागच्या जागी वेटोळं घालते. एक जात अशी की स्पर्श केला की सगळं अंग आक्रसतं आणि पुन्हा सैल पडतं, पण ती जागची हलत नाही. आणि एक जात अशी की ती नीट चालते, खाते, अंडी घालते, पाहून काहीच कळत नाही. केस फिरवला की मात्र तिला पत्ता नसतो. त्याच किड्याला तारेने टोचलं तर पळतो. म्हणजे मार कळतो, हात फिरवलेला कळत नाही.

माणसांतही हातापायांची जाणीव कमी असणारी घराणी असतात. मला एकदम आजी आठवली, तव्यावरची भाकरी हाताने उलथणारी. तुम्ही आठवलात, चहाचं तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उतरवणारे. भजनात तुमचा टाळ मागे पडायला लागला तो कानांमुळे, असं आपण धरून चाललो होतो. खरं तर टाळ हातातच वाजलेला कळतो, कानाची गरज नसते. सुजित म्हणतो लागलंच नाही. तीन पिढ्या झाल्या. हे शक्य आहे, मामा. खात्री डॉक्टरच देतील. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. पण शक्य आहे.

हे लिहिताना मी माझ्याच तळहातावर केस फिरवून पाहिला. मला कळला. थोडं सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

आपली,
निशिगंधा


तळवडे,
१४ जुलै २०२४

चि. निशिगंधास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि छातीवरचा दगड उतरला. मी ते देवापुढे ठेवून नमस्कार केला. मामी म्हणाली, पत्राला कसला नमस्कार. तिला काय सांगणार.

गेल्या सुट्टीला राजगुरुनगरला जाऊन आईला विचारून आलो. ती डाव्या कानाशी येऊन ओरडली, "आरं, तव्यावरची भाकरी काय चिमट्यानं उलथू व्हय? हात राठ झाल्यात, मेलं न्हाईत. तुझा बाप पाठीवरनं हात फिरवायचा ते सारं कळायचं मला." मग पदर तोंडाला लावून हसत बसली. म्हातारं माणूस आहे, तिला या गोष्टी काय कळणार. मी तुझंच धरलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. आमचे शिफ्टचे इनचार्ज सोपानराव बरोबर होते. मला कमी ऐकू येतं म्हणून साहेब कागदावर लिहून विचारतात, मी तोंडाने सांगतो. मी म्हणालो, "साहेब, यात कुणाची चूक नाही. आमच्या घराण्यातच आहे. आईचा हात असा, माझा असा, पोराचाही असाच. माझी भाची शास्त्रज्ञ आहे, तिने सांगितलं." डायचा आणि चऱ्याचा दृष्टांतही दिला. साहेबांना तो फार आवडला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो. चहा मागवला. सोपानरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला वाटतं, आता दया येईल. देवाच्या घरून जे मिळालं त्याला माणूस काय करणार, हे साहेबालाही कळतं. त्यालाही आईबाप असतील.

अनिसला तळेगावच्या प्लांटला पाठवलं. त्याचं बोलणं जरा जास्तच झालं होतं. जाताना मला भेटला नाही.

साहेबांना मी काय म्हणालो ते सुजितला सांगितलं. तो उठून बाहेर गेला. ऊन फार होतं.

तुझा,
ज्ञानेश मामा


हैदराबाद,
२ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

साहेबांना तुम्ही सांगितलंत ते वाचून जरा चपापले. मी 'शक्य आहे' एवढंच लिहिलं होतं, मामा. डॉक्टरांना दाखवलंत का? ते आधी करायचं होतं. पण साहेबांनी समजून घेतलं म्हणता, तर चांगलंच झालं.

इथे एक आनंदाची गोष्ट घडली आहे. कुणाला तरी सांगावीशी वाटते आणि तुमच्याइतकं हे कुणाला कळणार नाही. किड्यांना औषध देऊन आम्ही मुद्दाम जनुकात बदल घडवतो आणि त्यांच्या नातवंडांतून वेगळे निवडतो. माझ्या एका डिशमधल्या किड्यांना केसाचा स्पर्श कळत नाही. त्यांच्या पिल्लांनाही नाही. पिल्लांच्या पिल्लांनाही नाही. चाल मात्र सुरेख. आमच्या मार्गदर्शक डॉक्टर ताहेरा मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे खरं निघालं तर पुढची तीन वर्षं तुझी." खरं निघालं तर या चऱ्याला नाव द्यायचा मान माझा.

सुजितला म्हणावं, गुदगुल्यांचा पगार वसूल झाला.

आपली,
निशिगंधा


तळवडे,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. निशिगंधास,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सुजितला कंपनीने काढलं. काढलं असं म्हणत नाहीत. शरीराने अयोग्य, असं म्हणतात. मशीनमध्ये दोष नाही, कामगाराने आपला जन्मजात आजार नोकरीला लागताना लपवला, असं चौकशीत ठरलं. मी साहेबांना म्हणालो, "लपवला नाही साहेब, आम्हालाच ठाऊक नव्हता." त्यांनी कागदावर लिहिलं, 'तुम्हीच सांगितलंत तीन पिढ्या.' आणि मान हलवली, वाईट वाटल्यासारखी.

त्याने आणखी काही ठिकाणी प्रयत्न केले. महाळुंग्याला झाले, निघोज्याला झाले. सगळीकडे माणसं पुरवणारे ठेकेदार तेच तेच. गेटवर नाव सांगितलं की म्हणतात, "हा तो, हाताला काही लागत नाही तो." वॉचमनचं काम मागायला गेला तर एकजण म्हणाला, "चोराने कानफटात मारली तर कळेल का रे तुला?" बाकीचे हसले. हे मला त्याने नाही सांगितलं, त्याच्या मित्राने मामीला सांगितलं.

मला अजून लाइनवर ठेवलं आहे. सोपानराव म्हणाले, "ज्ञानेश, तू जुना माणूस, तुझी गोष्ट वेगळी."

देवाने दिलेलं भोगायचं. तुझ्या किड्यांचं नाव काय ठरलं?

तुझा,
मामा


हैदराबाद,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

नाव ठरलं नाही. ठरणार नाही. काय झालं ते सविस्तर लिहिते, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या खोलीला रंग दिला. तेव्हा माझ्या डिश दुसऱ्या खोलीत हलवल्या होत्या. परत आल्यावर त्या किड्यांची नवी पिल्लं तपासली. केस लावला की एकूणएक मागे सरली. मला वाटलं डिश बदलल्या गेल्या. पुन्हा तपासलं. तेच.

ताहेरा मॅडमनी एकच विचारलं, "आधी कुठे ठेवत होतीस?"

मी ज्या टेबलावर ठेवत होते, त्याच्या दुसऱ्या टोकाला बाटल्या हलवणारं यंत्र आहे. ते रात्रंदिवस चालतं. टेबल सारखं थरथरत असतं, बारीक. आम्हाला ते जाणवतही नाही. तुलनेसाठीचे साधे किडे मात्र मी खिडकीजवळच्या फळीवरून घ्यायचे. त्या टेबलावर जन्मलेल्या किड्यांना जन्मापासून हादरेच मिळाले. सारखं दचकून जगता येत नाही, म्हणून त्यांनी दचकणं सोडून दिलं. त्यांच्या पिल्लांनीही सोडलं, कारण पिल्लंही त्याच टेबलावर वाढली. मी त्याला चरा समजले. रक्तात काहीही नव्हतं, मामा. टेबल हलत होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. माझी तीन वर्षं गेली तर जाऊ देत. मला त्या क्षणापासून सुजित दिसतो आहे.

तुम्ही तुमचं सगळं आयुष्य प्रेससमोर काढलंत. तुमचे कान तिथे गेले. हातही तिथेच गेले असतील. आजी म्हणाली ते खरं होतं आणि आपण दोघांनी तिला अडाणी ठरवलं. आणि सुजित दोनच वर्षं तिथे होता. त्याचा हात चांगला असणार.

सोबत एक काडी पाठवते आहे. टोकाला माझ्या पापणीचा केस आहे, जपून उघडा. सुजितला डोळे मिटायला सांगा आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरून ही हलकी फिरवा. कळलं तर तो सांगेल. मग त्याला डॉक्टरांकडे न्या, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि साहेबांकडे जा. म्हणा की मी चुकलो. माझं नाव घाला. म्हणा भाची चुकली. आणि सेन्सरने प्रेस का थांबवला नाही, ते अनिसला बोलावून विचारायला लावा.

आपली,
निशिगंधा


हैदराबाद,
२३ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

पत्र पोचल्याचं पोस्टाकडून कळलं. तुमचं उत्तर नाही. मामीला फोन केला तर ती म्हणाली, पाकीट देव्हाऱ्यात आहे, वाचून त्यांनीच तिथे ठेवलं. सुजितला तिने विचारलं, त्याला पत्राबद्दल काहीच माहीत नव्हतं.

तुम्हाला कुणी त्रास देतं आहे का? काही असेल तर लिहा. मी येते.

निशिगंधा


तळवडे,
१२ जानेवारी २०२५

निशाताई,

अक्षराला हसू नको, डाव्या हाताचं आहे. बालवाडीत परत गेलोय असं समज.

तुझं पत्र मी देव्हाऱ्यातून काढून वाचलं. अण्णा सेकंड शिफ्टला गेले होते. काडी पण बघितली. एवढ्याशा केसाने किडा मागे सरतो हे वाचून बरं वाटलं. ताई, प्रेस खाली यायला एका टाळीएवढा वेळ लागतो. तुझा सगळ्यात हुशार किडा तिथे बसवला असता तरी तो मागे सरला नसता. मला लागलं नाही म्हणालो, कारण लागायला वेळच मिळाला नाही. साहेबाने ते उचललं आणि अण्णांनी त्याला हळदकुंकू लावलं.

आता खरं सांगतो, कारण तू अजून अण्णांनाच विचारत बसली आहेस. तेल उडालं की सेन्सर सारखा लाइन थांबवतो. टार्गेट पुरं होत नाही. सोपानराव येऊन म्हणतात, "ज्ञानेश, आधी माल काढ, सेन्सर नंतर बघू." मग सेन्सरला जम्पर मारायचा, म्हणजे वायर जोडून त्याला आंधळा करायचा. जम्पर सेटरच मारतो. त्या दिवशी पण सेटरनेच मारला. आमच्या लाइनला सेटर कोण आहे ते तुला माहीत आहे.

मला ते दिसलं होतं. चौकशीत मी सांगितलं नाही. अनिसभाईने सांगितलं तर मी म्हणालो मी बघितलं नाही. बापाचं नाव कोण सांगणार ताई. मला वाटलं मी गप्प बसलो की साहेब म्हणेल मशीन बिघडलं होतं, आणि दोघं पण वाचू. मी त्यांच्यासाठी गप्प बसलो आणि पुढच्याच महिन्यात ते माझ्याबद्दल बोलून चहा पिऊन आले.

राग येतो असं पण नाही. ते पत्राला नमस्कार करत होते ना, ते आठवतं. मनापासून करत होते. त्यांना खरंच वाटत होतं की माझा हात मेलेला आहे. तसं वाटलं की झोप लागत असेल.

अनिसभाईने तळेगाव सोडलं. दापोडीला पंपाच्या मोटारी बांधायचं, वायर गुंडाळायचं दुकान टाकलंय. म्हणतो ये, तीन बोटांत पण वायर धरता येते, बाकी मी बघतो. मी अजून हो म्हणालो नाही. अण्णांनी साहेबाला एकदा जाऊन खरं सांगावं, एवढ्यासाठी थांबलोय. नोकरी नको आता. फक्त माझ्या हाताला मेलेला म्हणू नये.

सुजित


हैदराबाद,
२० जानेवारी २०२५

मामा,

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून, ते तुम्हाला कळेलच.

तुम्ही मला जूनमध्ये विचारलं होतं, चूक मशीनचीही नसेल आणि पोराचीही नसेल असं काही असतं का. मी मूर्खासारखी किड्यांत उत्तर शोधत बसले. तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. तुम्ही तिसरं कुणीतरी शोधत होतात आणि मी तुम्हाला आजीला दिलं, सगळ्या घराण्याला दिलं.

माझ्या चुकीबद्दल मी सर्वांसमोर उभी राहून सांगितलं, टेबल हलत होतं म्हणून. तुमचं टेबल कोण हलवत होतं, ते तुम्ही साहेबांना सांगा. सुजित तेवढ्यासाठी थांबला आहे.

निशिगंधा


तळवडे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधास,
आशीर्वाद.

आशीर्वाद घेशील की नाही माहीत नाही. मी आपला लिहितो.

तू पाठवलेली काडी या पत्रासोबत परत पाठवतो आहे. केस अजून शाबूत आहे. परवापर्यंत देव्हाऱ्यात होती, म्हणून टिकली.

तुझं पत्र आल्यावर काही दिवस तसेच गेले. सकाळी पूजेला बसायचो, पण नाम ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. शुक्रवारी सुट्टी टाकली आणि कामाचे कपडे न घालता कंपनीत गेलो. गेटवाल्याने ओळखलं नाही.

साहेब होते, सोपानरावही होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, सुजितचा हात जन्मापासून चांगला आहे. मी सांगितलं ते खोटं होतं. आमच्या घराण्यात काही नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सोपानरावांकडे. सोपानराव जमिनीकडे बघत होते. साहेबांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'मग दोष कोणाचा लिहू?' कागद माझ्याकडे वळवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

जम्पर कोणी मारला आणि कोणी मारायला लावला, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मी पेन उचललं. माझ्याकडे बघून साहेब हसले नाहीत, रागावले नाहीत. मला वाटलं, लिहावं ज्ञानेश. मग मामी डोळ्यांपुढे आली. लाइन डोळ्यांपुढे आली. या वयात मला दुसऱ्या गेटवर कोण उभं करील. खाली पाहिलं तर पेन माझ्या हातात नव्हतं. केव्हा निसटलं मला कळलं नाही. ते कागदावर पडलेलं होतं आणि कागद कोराच होता. साहेबांनी ते उचलून खिशाला लावलं आणि चहा मागवला.

तो चहा मी प्यालो. तुला सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून हेही सांगतो.

घरी आलो तेव्हा सुजित पलंगावर बसला होता. कपड्यांवरून त्याला कळलं असावं मी कुठे गेलो होतो. त्याने पाटी घेतली आणि डाव्या हाताने लिहिलं, 'सांगितलं?' मी म्हणालो, "तुझा हात चांगला आहे, असं सांगितलं." त्याचा चेहरा जरासा उजळला. मग त्याने पुसून लिहिलं, 'आणि सेन्सरचं?'

मी मान हलवली, नाही अशी.

त्याने पाटी कोपराने स्वच्छ पुसली. देव्हाऱ्याशी जाऊन काडी घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. स्वतः डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. मी केस फिरवला. बोटांवर फिरवला, तळव्यावर फिरवला. प्रत्येक वेळी त्याने मान डोलावली. मग त्याने उजवा हात पुढे केला. ज्या ठिकाणी बोटं नाहीत तिथली नवी कातडी गुलाबी आहे. तिथे फिरवला तर त्याचं सगळं अंग शहारलं. त्या हाताकडे मी जूनपासून नीट पाहिलं नव्हतं.

मग त्याने काडी माझ्याकडून घेतली आणि पाटीवर लिहिलं, 'आता तुम्ही.'

मी डोळे मिटले आणि हात पुढे धरला. मला वाटलं, हा लहान असताना तापात पडला की मी असाच हात त्याच्या कपाळावर ठेवून बसायचो. मनात नाम सुरू झालं. कितीतरी दिवसांनी ते आपोआप सुरू झालं, आणि मी त्यात रमलो. मी स्पर्शाची वाट पाहत होतो. तो सुरू करत नव्हता. मी म्हणालो, "कर ना." तरी काही नाही. आणखी थोडा थांबलो. पोराला रुसायचा हक्क आहे, असं मनाशी म्हणालो आणि हात तसाच धरून ठेवला.

डोळे उघडले तेव्हा काडी माझ्या तळहातावर आडवी पडलेली होती. पलंग रिकामा होता. खुंटीवरची त्याची पिशवी नव्हती.

मामी ओट्यापाशी उभी राहून रडत होती. तिने पाटीवर लिहून दाखवलं. काडी तो बराच वेळ फिरवत होता. मग ती ठेवून उठला, पिशवी घेतली, आणि दारात उभा राहून मला अण्णा अशी हाक मारून थांबला होता.

तुझा,
ज्ञानेश मामा